खराटा, जिना आणि सोळा नावांची यादी

पाझेह भाषेत पाचाला ‘खासेप’ म्हणत आणि दोनाला ‘दुसा’. सात म्हणायचं झालं की ‘खासेबिदुसा’, म्हणजे पाच नि दोन. आठ ‘खासेबितुरू’, पाच नि तीन. नऊ ‘खासेबिसुपात’, पाच नि चार. एका हाताची बोटं संपली की दुसऱ्या हाताकडे वळायचं, इतका सरळ हिशेब. ‘म्हणत’ असं मुद्दाम लिहिलं, कारण ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई, पान जिन-यू, २०१० साली वयाच्या ९६ व्या वर्षी गेल्या. तैवानच्या पश्चिमेकडच्या सपाट भागातली ही भाषा. तिथल्या सरकारी यादीत ज्या १६ आदिवासी समाजांना मान्यता आहे, त्यांत पाझेह नाहीत.

आता हाच सात आकडा समुद्रापलीकडे शोधू. फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये ‘पितो’. मादागास्करमध्ये, म्हणजे आफ्रिकेच्या दारात, ‘फितो’. न्यूझीलंडच्या माओरीत ‘फितू’, हवाईत ‘हिकू’. सगळी एकाच ‘पितू’ची लेकरं. लोराँ सागार या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञांनी २००४ साली मांडलं की हा ‘पितू’ म्हणजे ‘पाच नि दोन’ या लांबलचक शब्दाचं झिजून उरलेलं शेपूट आहे. पाचाच्या टोकाचा ‘प’, मधला जोडणारा ‘इ’ आणि दोनाच्या सुरुवातीचा ‘तु’. बाकीचं गळून पडलं.

मराठी माणसाला हे पटायला जड जाऊ नये. ‘बारा’ म्हणताना त्यात ‘दोन’ कोणाला ऐकू येतो? ‘द्वादश’मधल्या ‘द्वा’चा ‘बा’ झाला, ‘दशा’चा ‘रा’ उरला, आणि बाराच्या भावात विकणाऱ्याला त्याचं काही देणंघेणं नसतं.

सागारांचं म्हणणं खरं मानलं तर ज्या ज्या भाषांत ‘पितू’ आहे त्या सगळ्या एका बाजूला जातात, आणि पाझेहसारख्या ज्यांत तो नाही त्या त्याच्या आधीच फुटून निघाल्या असं ठरतं. ऑस्ट्रोनेशियन हे जगातलं एक प्रचंड भाषाकुळ आहे. सुमारे १,२०० भाषा, मादागास्करपासून ईस्टर बेटापर्यंत. त्या कुळाच्या वंशावळीतली पहिली फांदी कुठे फुटली, हा प्रश्न एका भाषेत सात कसे मोजत यावर येऊन टेकतो.

भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्लस्ट यांना हे अजिबात मान्य नव्हतं. २०२२ साली वारले ते. उभं आयुष्य या कुळावर घालवलेला माणूस. तैवानच्याच एकट्या थाओ भाषेचा त्यांनी केलेला कोश हजारावर पानांचा आहे. त्यांच्या मते ‘पितू’ मुळातलाच. पाझेह लोकांनी जुने आकडे टाकून नवे जुळवले. असं होतं का? होतं की. पाझेहच्या शेजारच्या साइसियात भाषेत सात म्हणजे ‘सहा नि एक’. थाओ भाषेत सहा म्हणजे दोनदा तीन, आठ म्हणजे दोनदा चार, आणि सात मात्र चक्क पितू. आकडे लोक बदलतात. बाजारात, देवघेवीत, शेजाऱ्याशी बोलताना. त्यांच्यावर एवढा मोठा इमला चढवू नये, हा ब्लस्टांचा आक्षेप मला तरी वजनदार वाटतो.

त्यांनी स्वतः १९९९ साली जी मांडणी केली तिच्यात कुळाच्या १० मूळ शाखा आहेत. पैकी ९ फक्त तैवानात. दहाव्या शाखेत बाकीचं सगळं जग: मलाय, जावानीज, तागालोग, मालागासी, माओरी, हवाईयन, हजाराच्या वर भाषा. तैवानचीच पण बेटाच्या आग्नेयेला असलेल्या लान्यूवरची ताओ लोकांची भाषाही या दहाव्या शाखेतली, कारण ती फिलिपिन्सच्या बातानेस बेटांकडची.

ब्लस्टांची वंशावळ दिसते खराट्यासारखी. सगळ्या काड्या बुडाशी एकत्र बांधलेल्या. कुठली आधी सुटली ते सांगायची सोय नाही. सागारांची दिसते जिन्यासारखी, एकेक पायरी, प्रत्येक पायरीला एक नवा आकडा. माल्कम रॉस यांनी २००९ साली क्रियापदांची रूपं तपासली आणि तैवानच्या पुयुमा, रुकाई व त्सोऊ या तीन भाषा बाजूला काढून उरलेलं सगळं कुळ एका गोठ्यात बांधलं. तीन जाणकार, तीन चित्रं, आणि पुरावा बहुतेक तोच.

तिघांचं एकमत एका गोष्टीवर आहे: पसारा तैवानातूनच सुरू झाला. भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपिर यांनी १९१६ साली सांगितलेली युक्ती त्यामागे आहे. कुळातलं वैविध्य जिथे सर्वांत खोल, तिथे ते कूळ सर्वांत जास्त काळ नांदलेलं असण्याचा संभव मोठा. महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढ्या लोकसंख्येचं बेट, क्षेत्रफळाने आपल्या नगर आणि पुणे जिल्ह्यांना जोडून थोडं वर जाईल इतकंच, आणि त्यात या कुळाच्या दहापैकी नऊ शाखा.

इथे एक गल्लत होते, ती टाळायला हवी. तैवानच्या भाषा ‘सर्वांत जुन्या’ नाहीत. मलाय जितकी जुनी तितकीच तैवानची पायवान जुनी. दोघी एकाच आजीच्या नाती. फरक एवढाच की काही नातींनी आजीचं काही जपलं, काहींनी दुसरं काही. उदाहरणार्थ डोळा. पायवान भाषेत ‘माचा’, आणि हा च चहातला नव्हे, चुलीतला. मलाय आणि तागालोगमध्ये ‘माता’. आजीकडे ‘त’ आणि चुलीतला ‘च’ असे दोन वेगळे उच्चार होते. तैवान सोडून समुद्रात गेलेल्या एकाही भाषेत तो फरक शिल्लक नाही. दोन्हींचा एकच ‘त’ झाला. तैवानच्या अनेक भाषांत अजून आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपल्याकडेही कुणाची भाषा किती शतकं जुनी याच्या पैजा लागल्या होत्या. भाषेचं वय मोजण्यापेक्षा तिने काय जपलं आणि काय टाकलं हे पाहणं जास्त मनोरंजक असतं. पण त्याचे फलक लावता येत नाहीत.

तर हा झाला अभ्यासकांचा वाद, आणि तो असाच चालू राहिला तरी कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते सरकार अशी यादी करायला बसतं तेव्हा.

तैवानची यादी २००१ पर्यंत नऊ समाजांची होती, साधारणपणे जपानी राजवटीत अभ्यासकांनी आखलेल्या वर्गवारीवर उभी. मग ती वाढत गेली. २००१ ला थाओ, २००२ ला काव्हालान, २००४ ला त्रुकू, २००७ ला साकिझाया, २००८ ला सेदिक, २०१४ ला ह्लाआलुआ आणि कानाकानावू. या वाढीतली दोन नावं शेजारी ठेवून पाहा.

त्रुकू आणि सेदिक. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही एकच भाषा आहे. त्रुकू, तोदा आणि त्गदाया या तिच्या तीन बोली. यादीत मात्र दोन समाज. १९३० साली वूशे इथे त्गदाया सेदिकांनी जपान्यांविरुद्ध उठाव केला, तेव्हा जपान्यांनी तोदा आणि त्रुकूंमधल्या काहींना त्यांच्यावर सोडलं होतं. अशी जखम क्रियापदांच्या तक्त्यात दिसत नाही.

साकिझायांचं उलटं. १८७८ साली चीनच्या चिंग राजवटीच्या सैन्याशी झालेल्या लढाईत त्यांचा पाडाव झाला. वाचलेले लोक शेजारच्या आमिस समाजात मिसळून राहिले, नाव लपवून. सव्वाशे वर्षं कागदोपत्री ते आमिसच होते. अनेक अभ्यासकांच्या लेखी त्यांची भाषा आमिसची उत्तरेकडची बोली. २००७ साली ते बाहेर आले आणि म्हणाले, आम्ही वेगळे.

दोन्ही वेळा सरकारने लोकांचं ऐकलं, आणि बरंच केलं. आपण कोण हे आजोबांच्या तोंडून ऐकलेलं माणसाला ठाऊक असतं. त्यासाठी कुणा प्राध्यापकाचा दाखला लागू नये. माझी तक्रार वेगळी आहे. ही एकच यादी तीन कामांना जुंपली आहे. ती समाजांची यादी आहे, भाषांची यादी आहे, आणि हक्कांचीही. विधिमंडळातल्या सहा राखीव जागा, शिक्षणातल्या सवलती, भाषेसाठीचा पैसा, सगळं तिच्यावर लटकलेलं. एका दोरीला तीन बैल बांधले की ते तिन्ही दिशांनी ओढतात, आणि जो अशक्त असतो तो फरपटतो. इथे फरपटते ती भाषा.

रुकाई पाहा. यादीत एक समाज, एक नाव. पण त्यांच्या सहा बोली आहेत आणि वानशान गावची बोली बाकीच्यांपासून इतकी दूर गेलेली आहे की रुकाईचं जुनं रूप शोधताना अभ्यासकांना तिच्याकडे वेगळं बघावंच लागतं. त्रुकू आणि सेदिक यांच्यातलं अंतर त्यापुढे काहीच नाही. पण त्रुकू म्हणजे समाज आणि वानशान म्हणजे एका समाजाची एक बोली, तीही मूठभर माणसांची.

हे दुरुस्त करायला नवं काही शोधायची गरज नाही. तैवानच्या शिक्षणव्यवस्थेत दुसरी एक यादी आधीपासून आहे: पाठ्यपुस्तकं आणि भाषापरीक्षा १६ भाषांच्या नव्हे तर ४२ बोलींच्या असतात. आमिसच्या पाच, अतायलच्या सहा, पायवानच्या चार, बुनूनच्या पाच, पुयुमाच्या चार, रुकाईच्या सहा, सेदिकच्या तीन, बाकीच्यांची एकेक. वानशानला तिथे स्वतःची जागा आहे. ही यादी कुणाच्या अस्मितेची नाही, ती मास्तरांच्या सोयीची आहे, आणि म्हणूनच ती जास्त प्रामाणिक आहे. वर्गात समोर बसलेल्या पोराची आजी कुठला शब्द वापरते, एवढंच तिला विचारायचं असतं. माझं म्हणणं असं की भाषेचा पैसा, शिक्षक, कोश, ध्वनिमुद्रणं हे सगळं या बेचाळिसांच्या हिशेबाने वाटावं, आणि ज्या बोलीला बोलणारी माणसं कमी तिला जास्त द्यावं. समाजांची मान्यता हा वेगळा विषय. तिथे भाषेला साक्षीला बोलवू नये.

साक्षीला बोलवलं की काय होतं याचा नमुना म्हणजे सिराया.

तैवानच्या नैर्ऋत्येला, तैनानच्या आसपास, हे लोक राहत. १६२४ ते १६६२ या काळात तिथे डच ईस्ट इंडिया कंपनी होती. मिशनऱ्यांनी सिराया भाषा रोमन लिपीत बसवली आणि डॅनियल ग्रावियस याने केलेलं मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर १६६१ साली अॅम्स्टरडॅमला छापून निघालं, एका बाजूला डच, एका बाजूला सिराया. डच गेले, पण लिपी राहिली. जमिनीच्या खरेदी-गहाणाची कागदपत्रं सिराया लोक दीडशे वर्षं याच लिपीत लिहीत राहिले. आपल्याकडे मोडीतली खतं असतात ना घराच्या माळ्यावर, तशी. मग चिनी वस्ती वाढली, जमिनी गेल्या, पाठोपाठ भाषा गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कुणाच्याच घरात उरली नाही.

चिंग काळात डोंगरातल्या आदिवासींना ‘कच्चे’ रानटी म्हणत आणि सपाटीवरच्या, चिनी चालीरीती उचललेल्यांना ‘शिजलेले’. जपान्यांच्या कुटुंबनोंदींमध्ये तो ‘शिजलेला’ शिक्का माणसागणिक मारलेला सापडतो. पुढे १९५० च्या दशकात सरकारने आदिवासी म्हणून नाव नोंदवायला मुदती दिल्या. सपाटीवरच्या बहुतेकांनी नोंदवलं नाही. काहींना कळलंच नाही, काहींना नको होतं. आदिवासी म्हणवून घेण्यात तेव्हा फायदा नव्हता, हेटाळणी होती. मुदत संपली आणि दार लागलं.

२८ ऑक्टोबर २०२२ रोजी तैवानच्या घटनात्मक न्यायालयाने सिरायांच्या खटल्यात निकाल दिला: त्यांना वगळणारा कायदा घटनाबाह्य आहे, तीन वर्षांत दुरुस्त करा. २०२५ च्या ऑक्टोबरात मैदानी आदिवासींसाठी वेगळा कायदा झालाही. निकालाचं स्वागतच. पण त्यात मान्यतेसाठी ज्या कसोट्या दिल्या आहेत त्यांतली पहिलीच खटकते: भाषा, चालीरीती, परंपरा अशी सांस्कृतिक लक्षणं आजवर टिकून असली पाहिजेत. दुसरी, सभासदांना आपल्या ओळखीचं भान असावं. तिसरी, इतिहासात त्याची नोंद असावी. दुसरी आणि तिसरी समजू शकते. पहिली वाचून वाटतं, घर लुटलं गेलेल्या माणसाकडे घरातल्या भांड्यांची यादी मागावी तसं हे झालं. भाषा टिकली नाही हाच तर त्यांच्यावर झालेल्या अन्यायाचा सर्वांत ठळक पुरावा.

याच्या विरुद्ध बाजूला माणसं आहेत आणि ती वाईट नाहीत. तैवानच्या सव्वादोन कोटींवर लोकसंख्येत मान्यताप्राप्त आदिवासी सहा लाखांच्या आसपास. आमिस, पायवान वगैरेंना भीती वाटते की उद्या सपाटीवरचे, चिनी बोलणारे, शहरात मुरलेले लाखो लोक ‘आम्हीही’ म्हणत आले तर आहे त्या भाकरीचे तुकडे होतील. आपल्याकडे आरक्षणाच्या प्रत्येक नव्या मागणीच्या वेळी जी भाषा ऐकू येते तीच. ही भीती खोटी म्हणून झटकता येणार नाही. पण तिचं उत्तर हक्कांच्या वाटपात शोधायचं: नव्यांसाठी वेगळी तरतूद करा, जुन्यांचा वाटा राखा. भाषेची परीक्षा हे त्याचं उत्तर नव्हे.

कारण भाषा तिकीट झाली की लोक ती तिकिटासारखीच वापरतात. तैवानमध्ये आदिवासी विद्यार्थ्याला प्रवेशपरीक्षेत १० टक्के वाढीव गुण मिळतात. भाषेचं प्रमाणपत्र असेल तर ३५ टक्के. हेतू चांगला आहे आणि काही मुलं त्या निमित्ताने आजीशी बोलायला लागली असतील. पण परीक्षेपुरती शिकलेली भाषा परीक्षेनंतर कुठे जाते हे दहावीला संस्कृत घेतलेल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा.

आपल्याकडच्या याद्याही काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं कच्च्या मोजणीत १९,५६९ होती. ती चाळून १,३६९ केली आणि त्यांच्या मोळ्या बांधून १२१ भाषा. दहा हजारांच्या खाली बोलणारे असतील त्या भाषेचं नाव छापतच नाहीत. बुलढाण्यात जळगाव जामोदकडे निहाली बोलणारे दोन-अडीच हजार लोक आहेत. ती भाषा भारतातल्या कुठल्याच कुळात नीट बसत नाही. शेजारच्या कोरकूतले शब्द तिच्यात भरपूर, म्हणून पूर्वी ती कोरकूचीच बोली समजत. शाखा म्हणून पाहिलं तर निहाली एकटीच एक अख्खी शाखा आहे. यादीत मात्र तिला ओळही नाही.

तैवानच्या सन मून सरोवराकाठचे थाओ याच जातीचे. लोक हजाराच्याही आत, भाषा येणारे म्हातारे बोटांवर मोजण्याइतके. ब्लस्टांच्या दहा शाखांमधली पश्चिम मैदानांची अख्खी शाखा आज त्यांच्यावर टेकून उभी आहे. तिच्यातल्या बाकीच्या भाषा मेल्या. २००१ पूर्वी थाओंची गणना डोंगरातल्या त्सोऊंमध्ये होई.

लोकसंख्येने मोजलं तर थाओ नगण्य आणि आमिस महत्त्वाचे. शाखांनी मोजलं तर थाओ आणि आमिस यांचं वजन सारखं. मला दुसरं माप रास्त वाटतं, निदान भाषेच्या पैशापुरतं. शेवटची प्रत असलेलं हस्तलिखित आणि घरोघरी असलेलं पुस्तक यांच्यात वाळवी कशापासून आधी दूर ठेवायची, यावर ग्रंथपाल मतदान घेत नाही.

सिराया भाषेचं पुढे काय झालं ते राहिलं. तैनानच्या एका सिराया कुटुंबात फिलिपिन्सचा जावई आला, एडगर मकापिली, मिंडानावचा, बिसाया बोलणारा संगीतकार. त्याने ग्रावियसचं शुभवर्तमान उघडलं आणि सिराया रकान्यातले कितीतरी शब्द त्याला घरचे वाटले. त्यातून २००८ साली सिरायाचा शब्दसंग्रह तयार झाला, गाणी झाली, शाळांतून तास सुरू झाले. तैनानच्या त्या वर्गांत मुलं सिरायात आकडे म्हणतात. सहानंतर येतो पितू.